फांदीला दोर, माणसाला नाही

मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाचे एक-दोन तडाखे बसले, की पुण्यातल्या सोसायट्यांना आपल्या झाडांची आठवण होते. पार्किंगवर झुकलेला गुलमोहर, गच्चीवर टेकलेली रेन ट्रीची फांदी, तारांमध्ये घुसलेली सुबाभूळ. मग मुकादम येतो, बरोबर तीन-चार माणसं, एक शिडी, कोयते, पेट्रोलवर चालणारा कटर आणि खांद्यावर दोराचं वेटोळं. एक जण चप्पल बुंध्याशी काढून वर चढतो. बेचक्यात पाय रोवून तो दोराचं टोक फांदीला बांधतो. दुसरं टोक खालच्या दोघांनी बुंध्याला वेढा देऊन धरलेलं असतं. कटर घुरघुरतो, फांदी कडाडते आणि दोरावर तोलत, अगदी अलगद, दोन स्कूटरच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरते. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना हायसं वाटतं. कुंपणाची भिंत वाचली, गाड्या वाचल्या.

वर बेचक्यात उभ्या असलेल्या माणसाला मात्र काहीच बांधलेलं नसतं. दोर असतो, चांगला लांब असतो, गाठही पक्की मारलेली असते. पण तो फांदीसाठी असतो.

हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की सुरुवातीला त्यातली विसंगती माझ्याही लक्षात आली नव्हती. एकदा आली आणि मग दुसरं काही दिसेना. वर चढणाऱ्याला विचारलं, तर उत्तर ठरलेलं मिळतं: "सवय आहे, साहेब." ते खोटं नसतं. लहानपणापासून झाडावर चढणाऱ्याच्या तळव्यांना सालीचा खरखरीतपणा कळतो, फांदी किती लवते यावरून तिचा भरवसा कळतो. सवयीने तोल सांभाळता येतो. पण झाडावरून पडणारी माणसं बहुतेकदा तोल गेल्यामुळे पडत नाहीत. पायाखालची फांदी मोडते, कटर उलटून येतो, सुटलेली फांदी परत झोका घेऊन लागते, मधमाश्या उठतात, तारेचा झटका बसतो. यातल्या एकाही गोष्टीला सवयीचं उत्तर नाही, कारण उत्तर द्यायला वेळच नसतो. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण नऊ मीटरवरून सुटलेला माणूस सव्वा ते दीड सेकंदात जमिनीवर येतो. त्या क्षणी त्याचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. आणि खाली बहुधा सिमेंटचे गट्टू असतात.

पायाखालची फांदी का मोडते, हा प्रश्न पहिल्यांदा घ्यायला हवा, कारण त्याचं उत्तर झाडाच्या इतिहासात असतं. काही झाडं जातीनेच दगाबाज. शेवग्यावर शहाणा माणूस चढत नाही. जांभळाची फांदी वरून धडधाकट दिसते आणि काडकन मोडते, हे गावाकडच्या प्रत्येक पोराला आजी सांगते. चिंचेवर मात्र तीच आजी निर्धास्त सोडते. पुण्याच्या रस्त्यांवरची बरीच झाडं परदेशातून आलेली असल्याने आजीच्या यादीत ती नाहीत. मादागास्करचा गुलमोहर, आफ्रिकेचा पिचकारी म्हणजे स्पॅथोडिया, ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक: तिघांचंही लाकूड ठिसूळ, आणि तिघंही शहरात रस्तोरस्ती.

पण जातीपेक्षा मोठं कारण म्हणजे आधीची छाटणी. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शायगो नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होऊन गेले (१९३०–२००६). त्यांनी हजारो झाडं उभी चिरून, झाड जखमेशी कसं वागतं हे पाहिलं. माणसाची जखम भरते, म्हणजे तिथे नवी कातडी येते. झाडाची जखम अशी भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं, तो भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ज्या जागी फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखा एक गोल कंगोरा असतो. भिंत घालण्याची ताकद तिथे सर्वांत जास्त. कंगोऱ्याला न दुखवता, त्याच्या लगेच बाहेर काप घेतला, तर झाड ती जखम कोंडू शकतं. खोडाशी सपाट कापलं, तर कंगोराच जातो. हातभर खुंट ठेवून कापलं, तर तो खुंट कुजतो आणि कूज हळूहळू आत उतरते.

आपल्याकडे दर मे महिन्यात होतं ते बहुधा हे दुसरं किंवा तिसरं. शेंडा उडवायचा, खुंट ठेवायचे. पाऊस पडला की त्या खुंटांवर झुबक्याने नवे फोक फुटतात आणि लोक म्हणतात, बघा, झाड किती छान फुटलं! हे फोक खोडाच्या गाभ्यातून आलेले नसतात, सालीलगतच्या लाकडात वरवर रुजलेले असतात. पाच-सात वर्षांत ते मांडीएवढे जाड होतात. मग पुन्हा छाटणी निघते आणि नवा माणूस वर चढून नेमका त्यांच्यावर पाय देतो. फोक जाड आहे, हिरवा आहे, पण ज्या खुंटावर उभा आहे तो आतून भुसा झालेला आहे. म्हणून मी म्हणतो, की झाडावरच्या बऱ्याच अपघातांची सुरुवात ते घडण्याच्या काही वर्षं आधी, त्याच झाडावर, कुणाच्या तरी घाईच्या कापातून झालेली असते.

हे जमिनीवरून ओळखता येतं, आणि खरं सुरक्षेचं काम तिथेच सुरू होतं. बुंध्याभोवती एक फेरी मारायची. मुळाशी किंवा खोडावर टोपीसारखी, फळीसारखी बुरशी उगवली असेल, तर आत कूज आहे. लाकडी हातोडीने खोड ठोठावलं आणि आवाज पोकळ आला, तर ढोली आहे. दुबेळक्यात उभी चीर, सालीतून गळणारं पाणी, वाळवीचं मातीचं पांघरूण, अलीकडेच केबलसाठी खणलेला आणि मुळं तोडलेला चर, बुंध्याला गळ्यापर्यंत आलेलं काँक्रीट. वर नजर टाकायची ती आग्या मोहोळासाठी. ही माशी आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला एकच मोठं पोळं लावते, त्यामुळे ते पानांआड सहज लपतं. कटरचा थरकाप पोळ्यापर्यंत पोचला की काय होतं, ते सांगायला नको. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे; पोळं न जाळता, माश्या न मारता हलवता येतं, हे या शहराला तरी नवीन नसावं. पाहणीनंतर निघणारा सर्वांत शहाणा निष्कर्ष अनेकदा असतो, की या झाडावर चढायचंच नाही. लांब दांड्याच्या करवतीने खालून जमेल तेवढं करायचं, किंवा हायड्रॉलिक लिफ्टची गाडी आणायची. पाळण्यातही माणसाने पाळण्याच्या कडीला स्वतःला अडकवायचं असतंच, कारण फांदी पाळण्यावर आदळली तर आतला माणूस बाहेर फेकला जातो. पण सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या बोळात, वाड्याच्या मागच्या अंगणात ही गाडी शिरत नाही. तिथे चढावंच लागतं.

शिडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण शिडी सुरक्षित वाटते आणि तिथेच फसवते. माणूस शिडी फांदीला टेकवतो, वर जातो आणि त्याच फांदीचा टोकाकडचा भाग कापतो. टोकाचं दोन-तीन मण वजन गेल्याबरोबर, इतका वेळ ओझ्याने वाकलेली फांदी वर उसळते. शिडीचा आधार हातभर वर निघून जातो आणि शिडी माणसासकट हवेत टेकलेली राहते. दुसरा प्रकार फांदी चिरफाळण्याचा. वरून सरळ कापत गेलं, की काप अर्ध्यावर असतानाच फांदी मोडते, खालची साल आणि लाकूड ओढत खोडापर्यंत सोलत येते आणि लोंबकळून शिडीवरच आदळते. यावर उपाय जुना आणि सोपा आहे: आधी फांदीच्या खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं बाहेर वरून काप, म्हणजे ओझं स्वच्छ तुटून पडतं, उरलेला हलका खुंट शेवटी कंगोऱ्याबाहेर काढायचा. झाडाला जे हिताचं तेच माणसालाही हिताचं, असं इथे तंतोतंत घडतं.

आता पट्ट्याकडे येऊ. सुरक्षा म्हटलं की अनेक जण कमरेचा पट्टा आणतात. कमरेच्या पट्ट्याने पडणारा माणूस थांबतो खरा, पण तो सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. अमेरिकेत पडणं रोखण्यासाठी कमरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. झटक्याचं गणित कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ७० किलोचा माणूस दीड मीटर मोकळा पडला आणि न ताणणाऱ्या दोराने पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या शरीरावर सरासरी त्याच्या वजनाच्या ३१ पट, म्हणजे दोन टनांहून जास्त ओढ येते. तोच माणूस एक मीटरभर अंतरात हळूहळू थांबला, तर ओढ अडीच पटच येते. पडण्याची उंची तीच, फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा.

बांधकामावर वापरतात त्या पूर्ण अंगाच्या हार्नेसला, ज्यासाठी 'आयएस ३५२१' हे भारतीय मानक आहे, म्हणूनच पाठीमागे कडी आणि तिच्या दोरीत एक शिवलेली घडी असते. झटका बसला की तिची शिवण उसवत जाते आणि थांबण्याचं अंतर मिळतं. पण हाच हार्नेस तसाच झाडावर नेला तर घोळ होतो. दोरी पावणेदोन मीटरची, घडी उसवून आणखी तेवढीच लांबते, त्याखाली लोंबणारा माणूस आणि थोडी मोकळी जागा धरली, तर दोरी जिथे अडकवली तिथून खाली सुमारे सहा मीटर रिकामे हवेत. पाच मीटरवरच्या बेचक्यात हे गणित जमत नाही. घडी पुरती उलगडायच्या आधी जमीन येते. शिवाय मध्ये फांद्या असतात.

म्हणून झाडावर काम करणाऱ्यांची पद्धत मुळातच वेगळी आहे. पडलेल्याला झेलायचं असं तिचं सूत्र नाही. दोर सतत डोक्याच्या वर आणि सतत ताणलेला ठेवायचा, म्हणजे पडायला अंतरच उरत नाही. कंबर आणि मांड्यांना धरणाऱ्या, खुर्चीसारख्या हार्नेसमध्ये माणूस दोरावर बसतो. खालूनच एक बारीक दोरी वजनाची पिशवी लावून उंच, जिवंत, खोडाजवळच्या जाड फांदीवरून फेकतात, तिच्यामागे मुख्य दोर ओढून घेतात आणि जमिनीवर दोन माणसं त्याला लटकून फांदीची परीक्षा घेतात. मग चढणं. दोराच्या एका पदराला माणूस बांधलेला, दुसऱ्या पदरावर त्याची सरकती गाठ.

ही गाठ मला माणसाच्या बुद्धीच्या सुंदर नमुन्यांपैकी एक वाटते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ मध्ये गिर्यारोहकांपुढे मांडली. जाड दोराभोवती बारीक दोरीचे तीन वेढे. ओझं नसताना बोटाने वर सरकवा, सहज सरकते. ओझं आलं की वेढे आवळतात आणि ती दोराला घट्ट चावते. माणूस जरा वर सरकला की गाठ वर ढकलायची. हात सुटला, पाय निसटला, तरी तो जागच्या जागी बसलेला राहतो. झाडावरचे लोक आज या गाठीची अनेक भावंडं वापरतात, पण कल्पना हीच.

आणि ही विद्या पुण्याला परकी नाही. लिंगाणा, तैलबैला, वानरलिंगी यांचे सुळके चढणारी माणसं या शहरात दर शनिवारी रात्री पाठीवर दोर टाकून बाहेर पडतात. गिरिप्रेमी संस्थेच्या पथकाने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठलं. प्रुसिक गाठ डोळे मिटून मारणारे शेकडो तरुण-तरुणी ज्या शहरात आहेत, त्याच शहरात, त्यांच्याच सोसायटीत, छाटणीचा माणूस अनवाणी आणि मोकळा वर चढतो. ज्ञान दोन गल्ल्या ओलांडून इतकं जवळ आहे, हे मला फार लागतं. अर्थात कडा आणि झाड यांत एक फरक आहे, आणि तो जीवघेणा आहे: कड्यावर चढणाऱ्याच्या हातात करवत नसते.

कटरची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. ताणलेल्या दोराला तिचा नुसता स्पर्श पुरतो. म्हणून कापण्यापूर्वी माणूस दुसऱ्या स्वतंत्र पट्ट्याने, शक्यतो आत पोलादी तार असलेल्या, खोडाला वेढा घालून स्वतःला बांधतो. दोन जागी बांधल्याशिवाय कटर सुरू करायचा नाही, हा या कामातला सर्वांत मोठा नियम. कटर दोन्ही हातांनी धरायचा. आणि दोन जागी बांधलेला माणूसच दोन्ही हात मोकळे करू शकतो. एका हाताने फांदी आणि एका हाताने कटर धरणाऱ्याच्या पात्याचं वरचं टोक कशाला टेकलं, तर पातं उसळून थेट तोंडावर येतं.

शेंड्यावर फांद्याच नसलेल्या झाडांचं काय? कोकणातले माडी काढणारे आणि गोव्यातले रेंदेर दिवसातून दोन-तीनदा माडावर चढतात, खोडात पाडलेल्या खाचांवर किंवा पायात अडकवलेल्या दोरीच्या फासावर. माडाला वर दोर टाकायला बेचकं नाही, म्हणून त्यांची सगळी भिस्त पायांवर. केरळमधल्या कण्णूर जिल्ह्यातले चेंबेरी जोसेफ यांनी खोडाला आळीपाळीने आवळणारं दोन पायट्यांचं यंत्र बनवलं. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, त्यात यंत्रही होतं आणि विमाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा पडलेली झाडं कापणाऱ्यांना वेगळाच धोका होता: दबून धनुष्यासारखं वाकलेलं खोड चुकीच्या बाजूने कापलं, की ते सुटून कापणाऱ्याला उडवतं. त्यासाठी झाडावर चढावंही लागत नाही.

विजेबद्दल एवढंच सांगतो: ओली फांदी वीज वाहून नेते, आणि अ‍ॅल्युमिनियमची शिडी तर नेतेच. तारेला हात लागायची गरज नसते. कापलेली फांदी तारेवर टेकली आणि दुसरं टोक हातात असलं तरी पुरे. तारेशेजारचं झाड असेल, तर महावितरणकडून प्रवाह बंद करून घ्यायचा, बंद झाल्याची खात्री करायची आणि मगच वर जायचं. "तार जुनी आहे, बंदच असेल" हे वाक्य झाडाखाली कधीही खरं मानू नये.

आणि माणूस वाचला, दोरावर लटकला, तर? बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये स्तब्ध लोंबणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साचतं, मेंदूकडे कमी जातं आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. १०१ किंवा १०८ ला फोन करायचाच, पण वाहतुकीतून गाडी येईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून वर एक जण असेल, तर खाली दुसरा चढू शकणारा, हार्नेस घालून तयार असलेला माणूस हवा. आपल्याकडच्या चार जणांच्या टोळीत चढणारा एकच असतो. तो अडकला की उरलेले तिघे खालून नावाने हाका मारत राहतात.

हे सारं कुणी सांगावं? आपल्याकडे १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरण आहे, परवानगीची पद्धत आहे; २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. पुण्याच्या वृक्षगणनेत चाळीस लाखांहून जास्त झाडं मोजली गेली. हे सगळं मला मनापासून हवंसं वाटतं. पण जुनी झाडं राहणार म्हणजे त्यांची निगा राखायला माणसं वर चढत राहणार, आणि कायद्याची नजर झाडावर आहे, त्यावर चढलेल्या माणसावर नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आहे खरा. मात्र रोख मजुरीवर, एका दिवसासाठी, तोंडी बोलावलेल्या माणसाच्या घरच्यांना आधी हेच सिद्ध करावं लागतं, की तो त्या दिवशी कुणाचा तरी कामगार होता.

अमेरिकेतही काही दशकांपूर्वी असंच होतं. एथेल प्यू नावाच्या एका आईचा १९ वर्षांचा मुलगा झाडाच्या कामावर असताना मरण पावला. १९६८ मध्ये तिने पत्रं लिहायला सुरुवात केली, सरकारी खात्यांना, झाडांच्या कंपन्यांना, ज्याला त्याला. या कामाला लेखी नियम का नाहीत, एवढाच तिचा प्रश्न होता. १९७२ च्या डिसेंबरमध्ये 'झेड १३३' हे झाडकामाच्या सुरक्षेचं पहिलं मानक मंजूर झालं. ते आजही दर काही वर्षांनी सुधारून निघतं आणि जगभरचे वृक्षकामगार त्याचा आधार घेतात.

सोसायटीने छाटणीचं काम देताना फांदीमागे किती घेणार, एवढंच विचारण्याऐवजी अजून दोन-तीन गोष्टी विचारल्या, तर आजच फरक पडू शकतो. वर जाणाऱ्याचा दोर कोणता? दुसरा चढणारा कोण? विमा कुणाच्या नावे? दर वाढेल. तो वाढायलाच हवा. आजचा स्वस्त दर त्या माणसाने अनवाणी पायांनी भरलेला असतो.

दोर मात्र दोन लागतात, आणि शक्यतो दोन वेगळ्या रंगांचे. फांद्या उतरवण्याचा दोर बुंध्यावर घासतो, तापतो, झटके खातो. त्याच्यावर पुन्हा माणूस चढवायचा नाही. माणसाचा दोर रोज सकाळी बोटांतून पूर्ण लांबी ओढून पाहायचा: कुठे मऊ पडला आहे का, कुठे फुगवटा, कुठे कटरच्या तेलाचा डाग, कुठे तुटलेला धागा. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा, कारण पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन नायलॉन खातं. आणि ज्या दोराने एकदा कुणाला मोठ्या झटक्यानिशी झेललं, तो बाहेरून नवा दिसला तरी त्याच संध्याकाळी त्याचे हात-हातभर तुकडे करून टाकायचे, म्हणजे उद्या घाईत कुणी तो उचलून वर नेणार नाही.